तोऱ्याचे विनोदी पात्र कसे घडवावे: झाडीपट्टीतल्या नवोदितांसाठी

भाऊबीज उलटते, गावोगाव मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, भरू लागतात, शेतांत धानाचे पुंजणे उभे राहतात आणि झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, वडसा देसाईगंजच्या नाट्य कंपन्यांच्या कार्यालयांत तारखांची वही भरू लागते. नेमक्या त्याच दिवसांत दर वर्षी दोन-चार तरुण माझ्याकडे येतात. एकाच्या पिशवीत टिकल्यांचे जॅकेट असते, दुसऱ्याने केस पिवळे करून घेतलेले असतात, आणि प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो की, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात जायचे तर सुरुवात कुठून करावी. जॅकेट आधी पिशवीत परत ठेवा, हे माझे उत्तर त्यांना फारसे आवडत नाही. मंचावर पाऊल ठेवताच रंगाने, आवाजाने आणि तोऱ्याने सगळी जागा व्यापून टाकणारे पात्र सर्वांनाच हवे असते; परंतु त्या पात्राचा भपका हा सर्वांत शेवटी चढवायचा थर आहे. त्याच्याखाली आधी एक साधा, ओळखीचा माणूस उभा राहावा लागतो, मग त्या माणसाची बोली, मग त्याची चाल, आणि त्यानंतरच त्याचा कपडा. हा क्रम उलटा केला की प्रेक्षक पहिली दोन मिनिटे कपड्याला हसतो आणि उरलेली वीस मिनिटे जांभया देतो.

हा क्रम मी माझ्या मनाने ठरवलेला नाही. तो ज्याच्या कारकिर्दीत सर्वांत स्वच्छ दिसतो, तो कलावंत आपल्याकडचा नसून ऑस्ट्रेलियाचा होता, आणि त्याचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण त्याच्या पात्राचा जन्म गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीच्या बसमध्ये झाला. बॅरी हम्फ्रीज 1934 मध्ये मेलबर्न शहरात जन्मला. वडील घरे बांधण्याच्या व्यवसायात होते, घर सुखवस्तू होते. मुलगा विद्यापीठात गेला, पण पदवी न घेताच बाहेर पडला आणि एका नाटक मंडळीत दाखल झाला. 1955 मध्ये ही मंडळी शेक्सपियरचे एक नाटक घेऊन व्हिक्टोरिया प्रांतातल्या लहान गावांच्या दौऱ्यावर निघाली. प्रयोग झाला की गावातल्या प्रतिष्ठित बायका चहापाण्याचा बेत ठेवीत आणि त्यांच्यातली एखादी उठून मोठ्या थाटात आभाराचे भाषण करी. बस पुढच्या गावाला लागली की मागच्या बाकावर बसून हम्फ्रीज बारीक आवाजात त्या भाषणांची नक्कल करी आणि सारी मंडळी हसून लोळे. त्या वर्षाच्या शेवटी प्रहसनांचा एक कार्यक्रम बसवायचा होता, तेव्हा दिग्दर्शक रे लॉलर याने त्याला तीच नक्कल मंचावर आणायला सांगितले. पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये ऑलिंपिक होणार होते. म्हणून प्रहसन असे रचले की मूनी पॉन्ड्स या साध्या उपनगरात राहणारी एक गृहिणी परदेशी खेळाडूंना आपल्या घरी उतरवून घेण्याची तयारी दाखवते आणि त्या निमित्ताने आपल्या घराचे गुणगान करते. ही गृहिणी हम्फ्रीजने स्वतःच साकारली; तिचे नाव एडना एव्हरेज. ऑस्ट्रेलियन उच्चारात ‘सर्वसाधारण’ या अर्थाचा इंग्रजी शब्द जसा ऐकू येतो, तसेच हे आडनाव आहे.

जांभळ्या केसांची, पंखांसारखा चष्मा घातलेली, प्रेक्षकांवर ग्लॅडिओलसची फुले फेकणारी डेम एडना ज्यांनी टीव्हीवर पाहिली असेल, त्यांना ही पहिली एडना ओळखूही येणार नाही. ती बुजरी, फिक्या कपड्यांतली, चारचौघींसारखी बाई होती. केसांचा जांभळा रंग, चष्म्याची नक्षी, चमचमते झगे, नावामागची ‘डेम’ ही सरदारकीची पदवी हे सगळे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एकेक करून आले. पदवी तर 1974 मधल्या एका चित्रपटात ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी स्वतः पडद्यावर येऊन तिला बहाल केली. बाई आधी होती, थाट नंतर आला, आणि प्रत्येक नवा थाट त्या बाईच्या स्वभावातूनच फुटला, ही गोष्ट नवोदिताने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

माणूस शोधणे

आता आपल्या गावाकडे वळू. पात्रासाठी माणूस शोधताना विनोदी माणूस शोधू नये, ही पहिली सूचना. चौकात बसून सर्वांना हसवणारा जो असतो, त्याचा विनोद त्याच्यापाशी पूर्ण झालेला असतो. त्याची नक्कल केली तर ती फार तर त्याच्याइतकीच होईल. उलट जो माणूस स्वतःला अत्यंत गंभीरपणे घेतो, त्याच्यात पात्र दडलेले असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षिसे वाटताना तीन-तीनदा साडी नीट करणारी बाई, कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला कीटकनाशकाऐवजी तत्त्वज्ञान विकणारा मालक, लग्नपत्रिकेत आपले नाव कोणत्या ओळीत आले आहे हे बोट ठेवून पाहणारे मामा, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, मैदानावर माईक हातात आला की जोडीच्या बैलांपेक्षा स्वतःच्याच ओळखी जास्त सांगणारा निवेदक: यांच्यापैकी कोणीही चालेल.

अशी व्यक्ती निवडल्यावर किमान पंधरा दिवस तिचे नुसते निरीक्षण करावे आणि रोज रात्री चार ओळी लिहाव्यात. ‘ती कशी हसते’ किंवा ‘कशी चालते’ ही नोंद दुय्यम आहे. मुख्य नोंद अशी हवी: तिला कोणत्या गोष्टीचा अभिमान आहे, कोणती गोष्ट लपवायची आहे, आणि कोणासमोर तिचा आवाज बदलतो. एडनाला आपल्या घराचा, नवऱ्याचा आणि मूनी पॉन्ड्सचा अभिमान होता. तिचा सगळा विनोद त्या अभिमानातून वाहत राहिला आणि सुमारे साठ वर्षे आटला नाही. अभिमानाचा विषय जितका लहान आणि तोरा जितका मोठा, तितके हसू जास्त, हा आडाखा मी स्वतः अनेक गावांत तपासून पाहिला आहे. गावात पहिला फ्रीज आपल्याच घरी आला होता एवढ्या एका भांडवलावर आयुष्यभर नाक वर करून फिरणारी मावशी हे पात्र मी एका हंगामात केले; ते अजून लोकांच्या लक्षात आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे, आणि तो मी चूक करून शिकलो आहे. तरुणपणी एका गावच्या प्रयोगात मी तिथल्याच एका प्रतिष्ठित गृहस्थाची चष्मा पुसण्याची, धोतराचा सोगा झटकण्याची आणि प्रत्येक वाक्यानंतर खाकरण्याची लकब जशीच्या तशी उचलली. गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते. मागच्या रांगा कोसळल्या, पुढची रांग थिजली, आणि पहाटे मंडळाने आमच्या मानधनातली उरलेली रक्कम देण्यास नकार दिला. आज विचार केला तर त्यांचे फारसे चुकले असे मला वाटत नाही. खेड्यात माणसाला लपायला जागा नसते, हे नकलाकाराने विसरू नये. म्हणून पात्र नेहमी तीन माणसांचे मिळून करावे: अभिमान एकाचा, चाल दुसऱ्याची, बोलण्याची लकब तिसऱ्याची, आणि शक्य तर ते तिघे तीन वेगवेगळ्या गावांचे असावेत.

बोली आणि आवाज

विदर्भातल्या कलावंताला बोलीचे वरदान घरातच मिळालेले असते, आणि तीच बोली तो मुंबईला जाताना घरी ठेवून जातो. वऱ्हाडी उच्चारात टीव्हीवर काम होऊ शकते, हे अमरावतीकडच्या भारत गणेशपुरे यांनी ‘चला हवा येऊ द्या’ या 2014 मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमातून घराघरांत दाखवून दिले आहे. मात्र वऱ्हाडी आणि झाडीबोली या दोन वेगळ्या बोली आहेत, हे कलावंताला तरी माहीत असले पाहिजे. अकोल्या-अमरावतीकडे ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. आपल्या झाडीपट्टीत ‘डोरा’ होतो. ज्याचे पात्र ब्रह्मपुरीचे आहे त्याने मध्येच ‘डोया’ म्हटले, तर मुंबईच्या परीक्षकाला ते कळणार नाही, पण गावाकडे टीव्हीसमोर बसलेल्या आजीला तत्काळ कळेल, आणि पात्रावरचा तिचा विश्वास तिथेच उडेल.

बोलीचा उपयोग तिखटासारखा करावा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बे’ आणि सुरुवातीला ‘काऊन’ लावले म्हणजे बोली होत नाही. तोऱ्याचे पात्र तर बहुधा शुद्ध बोलण्याचा प्रयत्न करीत असते आणि राग आला, भीती वाटली किंवा कौतुक झाले की त्याची बोली उसळून बाहेर येते. ‘आपणा सर्वांचे मी हार्दिक स्वागत करते’ असे म्हणत आलेली बाई माईक बंद पडताच ‘आता याले का झालं वो?’ म्हणते, त्या एका घसरणीत जितके हसू आहे तितके पाठ केलेल्या दहा विनोदांत नसते. गावाचे नावही बदलू नये. हम्फ्रीजने 1962 मध्ये लंडनच्या एका क्लबात एडना सादर केली तेव्हा ती सपशेल पडली. लंडनकरांना मूनी पॉन्ड्स ठाऊकच नव्हते. तरीही त्याने तिला लंडनची केले नाही. 1976 मध्ये त्याच शहरातल्या नाट्यगृहात तीच मूनी पॉन्ड्सची बाई गाजली, कारण जगाला आपले उपनगर माहीत असणारच हा तिचा गाढ विश्वासच लोकांना हसवू लागला होता. आपल्याकडे टीव्हीवरचे विनोदी नट गौरव मोरे यांनी मुंबईतल्या आपल्या वस्तीच्या नावाने ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ ही ओळख मिरवली, त्यातही हीच युक्ती आहे. तेव्हा पात्र आरमोरीचे असेल तर ते आरमोरीचेच राहू द्यावे, आणि आरमोरी म्हणजे जगाचा मध्य आहे अशा थाटात त्याने बोलावे.

आवाजाविषयी थोडे व्यवहाराचे सांगतो. बाईचा किंवा म्हाताऱ्याचा आवाज काढताना नवखा कलावंत गळा आवळतो. दहा मिनिटांच्या प्रवेशात ते खपते. रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात मात्र तिसऱ्या अंकापर्यंत आवाज बसतो, आणि सलग चार तारखा असतील तर बसलेला आवाज उठत नाही. बारीक आवाज गळ्यातून न काढता तोंडाच्या पुढच्या भागातून, ओठ आणि नाकाच्या जवळून काढावा, आणि स्वर उंच नेण्यापेक्षा बोलण्याची लय बदलून बाईपण दाखवावे. प्रयोगाआधी दहा मिनिटे ओठ मिटून गुणगुणावे. ऑक्टोपॅडच्या आवाजावर ओरडून मात करण्याचा प्रयत्न करू नये; वादकाशी आधीच बोलून आपल्या वाक्यांच्या जागा मोकळ्या करून घ्याव्यात. थंडीच्या रात्री कोमट पाणी जवळ असावे आणि विडी-तंबाखूला हंगामापुरती तरी सुट्टी द्यावी.

चाल, आणि मग कपडा

चाल बसवताना अंगात रोजचाच सदरा-पायजमा असावा. साडी किंवा कोट अंगावर आला की तो आपल्यासाठी चालू लागतो आणि कलावंत आळशी होतो. साध्या कपड्यांत, तोंड भिंतीकडे करून, केवळ पाठीवरून पात्र ओळखू येते का, हे मित्राला पाहायला सांगावे. ओळखू आले तर शिंप्याकडे जाण्यास हरकत नाही.

त्यानंतरही सगळा थाट एकदम करू नये. एका हंगामात एकच गोष्ट वाढवावी आणि ती पात्राच्या अभिमानातून यावी. आपल्या मावशीला फ्रीजचा अभिमान असेल, तर पहिल्या वर्षी तिच्या कमरेला फ्रीजची किल्ली लटकू द्यावी. ती किल्ली लोकांना आवडली तर दुसऱ्या वर्षी तिच्याभोवती चांदीची साखळी आणि घुंगरू येऊ द्यावे. तिसऱ्या वर्षी साडीचा रंगच फ्रीजच्या रंगाचा होऊ शकतो. दादा कोंडके यांची गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी आणि तिची लोंबणारी नाडी आठवा. तिच्यात पैशाचा थाट काहीही नव्हता, तरी ती त्यांची ओळख झाली. भपका महागच असला पाहिजे असे नाही; तो एकट्या त्या पात्राचा असला पाहिजे.

कपडा मंचासाठी आणि कॅमेऱ्यासाठी वेगळा लागतो, हे अनेकांना उशिरा कळते. मंडईच्या मांडवात हॅलोजनच्या उजेडात टिकल्या शेवटच्या रांगेपर्यंत चमकतात आणि ते चांगले दिसते. कॅमेऱ्यासमोर त्याच टिकल्या डोळ्यांत खुपणारे ठिपके होतात, बारीक रेघांचे कापड लहरी मारल्यासारखे हलताना दिसते आणि पांढरेशुभ्र कापड चेहऱ्याचा रंग काळवंडून टाकते. पाठीमागे हिरवा पडदा लावून चित्रीकरण असेल, तर हिरवी साडी नेसलेली बाई धडाविना दिसेल. म्हणून भडक पण सपाट रंग घ्यावा: गुलबक्षी, जांभळा, केशरी, मोरपंखी. चष्मा पात्राचा भाग असेल तर त्याच्या काचा काढून टाकाव्यात, नाहीतर दिव्यांच्या झळाळीत डोळे दिसत नाहीत, आणि विनोद निम्मा डोळ्यांतच असतो. साडी ठिकठिकाणी पिनांनी पक्की करावी, आतून घाम टिपायला सुती कापडाचा खिसा शिवून घ्यावा. मिशी चिकटवण्याचा डिंक आणि रंग खोबरेल तेलाने सावकाश उतरवावेत. पहाटे झोपेच्या भरात ओरबाडून काढणाऱ्यांच्या ओठांवर हंगामभर चट्टे राहतात.

बाईचे पात्र करणाऱ्या पुरुषांनी आणखी एक विचार करावा. खडी गंमत आणि दंडार या आपल्या लोकनाट्यांत पुरुषाने साडी नेसून नाचणे आपल्याकडे नवे नाही. नाच्याशिवाय खडी गंमत उभी राहत नाही, आणि चांगल्या नाच्याला गावात मान असतो. टीव्हीवर मात्र पुष्कळदा साडी नेसलेला पुरुष हाच विनोद समजला जातो, आणि मग छातीकडे बोट दाखवण्यापलीकडे लेखकाला काही सुचत नाही. अशा लिखाणाला नम्रपणे नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हसू पात्राच्या तोऱ्याला यावे, बाई असण्याला नव्हे, आणि तृतीयपंथी माणसांना तर मुळीच नव्हे. हम्फ्रीजसारख्या मुरलेल्या कलावंतालाही हे कुंपण नेहमी सांभाळता आले नाही. 2003 मध्ये एडनाच्या नावाने एका अमेरिकी मासिकात लिहिलेल्या सदरातील स्पॅनिश भाषकांवरच्या कोटीने मोठा क्षोभ झाला, आणि पुढे तृतीयपंथी व्यक्तींविषयी त्याने केलेल्या विधानांनंतर 2019 मध्ये मेलबर्नच्या विनोद महोत्सवाने आपल्या पुरस्काराला दिलेले त्याचे नाव काढून टाकले.

मंडईची परीक्षा

पात्र तयार झाले की ते थेट मुंबईला नेऊ नये. आधी आपल्या लोकांसमोर मुरवावे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत जितके प्रयोग होतात, तितकी फुकटची शाळा महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच मिळेल. गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी याच रंगभूमीवर आठशेहून अधिक भूमिका आणि पाच हजारांहून अधिक प्रयोग केले आणि 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टीव्ही हेच एकमेव शिखर आहे असे मानणाऱ्यांनी याकडेही पाहावे.

पहिल्या वर्षी कंपनीच्या मालकाकडे किंवा दिग्दर्शकाकडे फक्त सात-आठ मिनिटांचा एक प्रवेश मागावा. प्रत्येक प्रयोगाचा केवळ आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. चित्र नको, कारण चित्रात आपण स्वतःकडे पाहत बसतो. दुसऱ्या दिवशी ऐकताना हशा कोठे आला, किती वेळ टिकला आणि आपण त्यावर बोललो का, हे वहीत टिपावे. नवखा कलावंत हमखास हशावर पुढचे वाक्य टाकतो आणि दोन्ही वाया घालवतो. हशा चढत असताना थांबावे, तो उतरणीला लागला की पुढचे वाक्य घ्यावे. प्रॉम्प्टरच्या भरवशावर विनोदी प्रवेश कधीही करू नये. गंभीर संवाद अर्धा क्षण उशिरा आला तर चालतो, विनोद मरतो. एकाच वाक्याला पाच गावांत हशा आला आणि सहाव्या गावात आला नाही, तर वाक्य बदलण्याआधी त्या रात्री माईक, थंडी आणि वेळ पाहावी. पहाटे तीन वाजता शालीत गुंडाळलेला प्रेक्षक डोळ्यांनी हसतो.

प्रेक्षकांशी थेट बोलणे हे तोऱ्याच्या पात्राचे सर्वांत मोठे शस्त्र आहे. एडना पुढच्या रांगेतल्या बायकांना त्यांच्या घराविषयी, पडद्यांच्या रंगाविषयी विचारी आणि त्यांच्या उत्तरांतून अर्धा कार्यक्रम रचत असे. आपल्याकडे हे करताना प्रश्न निवडून ठेवावेत. तुमच्या भाजीत वांगी जास्त की आलू, घरात रिमोट कोणाच्या हाती असतो, पाहुणे आले की चांगल्या कपबशा कोठून निघतात, असे प्रश्न सुरक्षित असतात. कर्ज, पिकाचे नुकसान, आजारपण, जात, मुलीचे न जमलेले लग्न यांना स्पर्शही करू नये. ज्या भागात यंदाचे धान पावसाने आडवे झाले आहे, तेथे पुढच्या रांगेत बसलेला माणूस कोणते दुःख मनात घेऊन आला आहे हे आपल्याला माहीत नसते. ज्याची थट्टा केली, त्याला शेवटी मंचावरून एखादे फूल, एखादा नमस्कार, एखादी टाळी द्यावी. एडनाची ग्लॅडिओलसची फुले त्याच कामाची होती.

अबोल जोडीदाराची युक्तीही येथेच आजमावून पाहावी. एडनाच्या शेजारी मॅज नावाची तिची जुनी मैत्रीण कार्यक्रमभर एक शब्द न बोलता बसे. एमिली पेरी या अभिनेत्रीने ती अबोल भूमिका वर्षानुवर्षे केली. बडबड्या पात्राच्या बाजूला गप्प माणूस बसला की बडबड दुप्पट ऐकू येते. तुमच्या मावशीबरोबर तिचा मुकाट भाचा स्टूल घेऊन फिरू द्या, आणि त्याचे मानधन मावशीच्या मानधनाहून फार कमी ठेवू नका.

कॅमेऱ्यासमोर

मंचावर दोन-तीन हंगाम गेल्यावर चाचणीसाठी चित्रफीत पाठवावी. मोबाइल आडवा धरून तिपाईवर किंवा विटांवर पक्का ठेवावा, तोंड खिडकीच्या उजेडाकडे असावे, पाठीमागे कॅलेंडर-कपाट नसलेली रिकामी भिंत असावी, पंखा बंद असावा. सुरुवातीला साध्या वेशात आपले नाव, गाव, उंची आणि कामाचा अनुभव वीस सेकंदांत सांगावा, त्यानंतर पात्राचे दोन मिनिटांचे काम कमरेपासून वरच्या चौकटीत करावे. मांडवातला आवाज आणि हातवारे निम्म्याहून कमी करावेत. शेवटच्या रांगेसाठी उचललेली भुवई कॅमेऱ्याला मारामारीसारखी दिसते. तेथे नुसती नजर वळली तरी पुरे होते. रंग सुधारण्याची किंवा चेहरा गुळगुळीत करण्याची सोय वापरू नये.

मराठी वाहिन्यांवरचे विनोदी कार्यक्रम प्रहसनांवर चालतात आणि दर आठवड्याला नवे प्रहसन लागते. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ 2018 पासून याच रीतीने चालू आहे. त्यामुळे तुमचे पात्र एका प्रसंगापुरते असेल तर तिसऱ्या आठवड्यात संपेल. निघण्यापूर्वी ते पात्र बँकेत, एसटीत, रुग्णालयात, लग्नात, निवडणुकीच्या सभेत आणि शहरातल्या नातेवाइकाच्या सातव्या मजल्यावरच्या घरात काय करील, हे लिहून काढावे. किमान बारा प्रसंग तरी हातात असावेत. हम्फ्रीजने 1987 मध्ये लंडनच्या टीव्हीवर एडनाला मुलाखतकाराच्या खुर्चीवर बसवले तेव्हा नवे काहीच शोधावे लागले नाही: घरी पाहुणे आले आहेत, आणि पाहुण्यांपेक्षा यजमानीण मोठी आहे, हा तिचा जुनाच स्वभाव होता. कंटाळवाण्या पाहुण्याला तळघरात पाठवण्यासाठी खटका ओढण्याची तिची रीत त्याच स्वभावातून निघाली.

व्यवहाराबाबत थोडक्यात. चाचणीसाठी, ओळखपत्रासाठी किंवा ‘नोंदणी’साठी कोणी पैसे मागितले तर तेथून उठावे, काम देणारा पैसे देतो, घेत नाही. करारपत्र घरी आणून जाणकाराकडून वाचून घ्यावे आणि पात्राचे नाव, वेश व तकिया वाक्य यांचा हक्क कोणाकडे राहतो, हे त्यात नेमके कोठे लिहिले आहे ते पाहावे. स्वतः घडवलेले पात्र सहीच्या एका फटक्यात दुसऱ्याचे होऊ शकते, आणि मग तेच पात्र आपल्याच गावच्या मंडईत करायलाही परवानगी लागते. मुंबईला जाताना चार-सहा महिन्यांच्या भाड्या-खाण्याची तजवीज असावी. नसेल तर खरीप घरी करून, हंगामात कंपनीत काम करून आणि उन्हाळ्यात चाचण्या देऊन दोन वर्षे काढणे अधिक शहाणपणाचे आहे.

राहता राहिली दारू, आणि तिच्याविषयी न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. रात्रभराचा प्रयोग, पहाटेची थंडी, गाडीतला प्रवास आणि लोकांचे कौतुक या चारही वाटांनी ती येते. हम्फ्रीजही तरुणपणी तिच्या पूर्ण आहारी गेला होता, रुग्णालयात पोहोचला होता. 1970च्या सुमारास त्याने ती कायमची सोडली आणि एडनाचे सगळे मोठे दिवस त्यानंतरचे आहेत. 2000 साली न्यूयॉर्कमध्ये मिळालेला टोनी पुरस्कारही त्यानंतरचा. तो एडनाविषयी नेहमी ‘ती’ असे, वेगळ्या व्यक्तीसारखे बोलत असे. ही सवय मी माझ्या विद्यार्थ्यांना लावतो: रंग उतरवला की पात्र पेटीत जाते, जेवणाच्या पंगतीत, घरच्या भांडणात किंवा गावातल्या लग्नात ते बाहेर काढायचे नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. यजमानांना फारच हौस असेल तर त्यांनी कंपनीच्या कार्यालयात जाऊन तारीख घ्यावी आणि बयाणा द्यावा.